चार शेर मैदा

काट्यावर माझा विश्वास नाही. लाल दिव्यात आकडे काय, कुणीही पेटवावेत. डोळ्यांदेखत भरलेलं माप तेवढं खरं. शाळा मी दुसरीतच सोडली, पण खळ्यावर शेकडो पायल्या बाजरी याच हातांनी मोजली. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. मग दोन, तीन. माझ्या मोजणीत कधी कुणाला खोट काढता आली नाही.

मागच्या दिवाळीच्या आधी लेक ऊसतोडीला निघाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा ट्रॅक्टर सुटणार. पुढं सहा महिने उसाच्या फडाजवळ पाचटाच्या कोपीत राहायचं, तिथं तिच्या पोरांना गोड खायला कोण देणार? म्हणून दरवर्षी नानकटाईचा डबा आमच्या घरून जातो. सामान घरून न्यायचं आणि पाथर्डीच्या भट्टीवर भाजून आणायचं. हे काम बायकोचं, पण त्या साली तिचे गुडघे धरले, म्हणून मी गेलो. बरंच झालं म्हणलं. भट्टीवाला पीठ मारतो, हा माझा जुना संशय.

त्यानं फोनवर सांगितलं होतं, चार किलो मैदा, तीन किलो पिठीसाखर, तीन किलो तूप. साखर-तुपाच्या बंद पिशव्या दुकानातून आणल्या. मैदा घरात होता. सुनेनं चाळून दिला आणि मी शेराच्या मापानं चार वेळा भरून घेतला. आमच्या शेरात बाजरी किलोभर बसते, म्हणजे हिशेब सरळ. नजर ठेवायला म्हणून शेरही पिशवीत टाकला.

भट्टीवाल्यानं मैदा काट्यावर ठेवला आणि म्हणाला, "बाबा, पावणेतीनच भरतोय."

"तुझा काटा खातोय सव्वा किलो. चार आणलाय मी."

"काटा कशाला खाईल? अजून मैदा आना, न्हाईतर पसरंल."

"हाय त्यात मळ."

"तुमची मर्जी. पन आधी चारच भाजून बघू."

भट्टीतून पत्रा बाहेर आला तेव्हा चारही एकमेकींत मिसळून पातळ झाल्या होत्या. कडेनं तूप उकळत होतं. मागं आपला डबा घेऊन बसलेली बाई म्हणाली, "बाबा, ही नानकटाई का धिरडं?" समदे हसले. मला बाईपेक्षा परातीतल्या गोळ्याची चिंता. सकाळी लेकीच्या हातात रिकामा डबा द्यायचा का?

शेजारच्या दुकानातून किलोच्या दोन बंद पिशव्या आणल्या. एक काट्यावर ठेवली. किलो. दुसरी ठेवली. किलोच. तरी मन मानेना. दुकानदार आणि भट्टीवाला एकाच गल्लीतले, संगनमत व्हायला काय वेळ लागतो? मग मी तिथंच पिशवी फोडली आणि शेरात ओतायला लागलो. शेर शिगेला गेला, पिशवीत मैदा उरलाच. शेर आपटला, हलवला, मैदा थोडा खाली बसला. तरी उरलाच.

शेरभर कोंडा शेरभर बाजरीएवढा भरतो असं कुणी म्हणालं असतं, तर त्याला मी खळ्यावरून हाकलला असता. आणि इथं चाळून फुगलेला मैदा मी बाजरीच्या भावानं धरून बसलो होतो.

"किती टाकू, बाबा?"

"सव्वा किलो. काट्यानं," मी म्हणालो. "पन आकडे माझ्याकडं फिरव."

त्यानं काटा फिरवला. पुढचे पत्रे निघाले ते गोल, वरून तडकलेले, हवे तसे. डब्यात भरताना मी एकही नजरेआड होऊ दिली नाही.

सकाळी ट्रॅक्टरपाशी लेकीनं झाकण उघडून एक नानकटाई मोडली. अर्धी धाकट्याच्या तोंडात, अर्धी स्वतःच्या. "आईच्यासारखीच झाली की वो," ती म्हणाली. ती डबा गाठोड्यांच्या वर ठेवत होती. मी तो काढायला लावला आणि अंथरुणाच्या वळकटीत, अगदी मधोमध बांधून दिला. टोळीत माणसं लई, आणि वाट लांबची.