बिरप्पाची घोंगडी

मंद्रूपची चिमाबाई लेक सुकन्याची प्रयोगशाळा बघायला सोलापुरात आली ती भाकरी-ठेचा बांधूनच. नवरा बिरप्पा गेल्यावर मेंढरं विकली होती आणि घर खायला उठत होतं. त्यात सुकन्याला जर्मनीहून दोन वर्षांसाठी संशोधनाचं बोलावणं आलं. तेव्हापासून चिमाबाई छातीत दुखतंय म्हणत होती, डॉक्टरला मात्र काही सापडत नव्हतं. म्हणून सुकन्यानं नकार लिहून ठेवला होता, धाडायचा तेवढा राहिला होता.

ॲल्युमिनियम म्हणजे डबे-पातेली, एवढंच चिमाबाईला ठाऊक. काचेच्या बंद पेटीतलं, हवा लागताच पेट घेणारं ते पाण्यासारखं काहीतरी त्याच घराण्यातलं, हे तिला पटेना. दिवसभर करतेस तरी काय, असं तिनं विचारलं.

सुकन्यानं समजावलं. हे ॲल्युमिनियमचं संयुग आणि अमाईन नावाचं दुसरं रसायन भेटली की लगेच एकमेकांना घट्ट धरतात. त्या मिठीतूनच पुढं वायू सुटतो आणि नवा पदार्थ होतो, असं ती धरून चालली होती. म्हणून वेग वाढवायला ती अमाईन जास्त घालत गेली, तर काम उलट मंदावलं. वर्ष पाण्यात गेलं, तेव्हा कुठं उमगलं.

"मिठीत काईच घडत न्हाय, आये. दोगं आदी सुटाय लागत्यात. मोकळी हून पुन्ना गाठ पडली, की मग नवं व्हतं."

"आन सोडवतं कोन?"

"थोडी ऊब दिली, की आपसूक सुटत्यात."

चिमाबाईला मेंढरं आठवली. बिरप्पा रोज सकाळी कोकरं आयांपासून तोडून डालग्याखाली कोंडून ठेवायचा. त्यांचं ओरडणं ऐकून तिचं काळीज तुटायचं, पण त्याशिवाय मेंढी रानात चरायची नाही. हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

बाहेर लिंबाखाली भाकरी सोडताना ती म्हणाली, "माज्या छातीत दुकत न्हाय, पोरी. कदी दुकलंच न्हाय."

सुकन्याचा घास हातातच राहिला. चिमाबाईला तिच्याकडं बघवेना. लाज वाटली, आणि त्याहून मोठी भीती वाटली, की आता ही खरंच जाणार.

सुकन्या जर्मनीला निघायच्या दिवशी चिमाबाईनं बिरप्पाची घोंगडी आणली. ती अंगावर घेतल्याशिवाय तिला झोप येत नसे. सुकन्या नको नको म्हणत राहिली. तितं थंडी लई असती म्हनं, एवढंच चिमाबाई बोलली. घोंगडी बॅगेत बसेना, तेव्हा तिनं गुडघा देऊन ती दाबली आणि चेन ओढली.