पेन धरलेला हात

माझा मामा एकतीस वर्षं फोटोच्या लॅबमध्ये अंधारात उभा राहिला आणि निवृत्त झाल्यावर उजेडात बसून सगळ्यांच्या चुका काढू लागला. आम्ही मोबाइलवर काढलेले फोटो त्याला दाखवायची सोय नाही. हजार काढलेत, पुन्हा बघितलेत किती, एवढं विचारून तो आमची तोंडं बंद करतो. हल्ली कॉलेजातली मुलं जुने कॅमेरे गळ्यात अडकवून त्याच्याकडे रोल धुवायला येतात, तेव्हापासून तर स्वारी हवेतच असते.

दोन-तीन महिन्यांतून एकदा, भर दुपारी खिडक्यांना चादरी लावून तो स्लाइड दाखवतो. प्रोजेक्टरचा पंखा घरघरतो, चित्र बदलताना खटकन आवाज होतो आणि आम्ही सगळे एकाच भिंतीकडे बघत गप्पा मारतो. मी कधी चुकवत नाही, कारण त्यात माझी आई असते. मी तीन वर्षांची असताना ती गेली. तिची एकटीची अशी एकच स्लाइड आहे. टेबलाशी बसून लिहिता लिहिता मान वर करून ती हसतेय, पेन डाव्या हातात. मीही डावखुरी. शाळेत बाईंनी कितीही दटावलं तरी मी हात बदलला नाही. हा आईचा हात आहे, असं मनातल्या मनात म्हणायचे. हे कुणाला कधी सांगितलं मात्र नाही.

गेल्या महिन्यात मामाने मला मुद्दाम बोलावून घेतलं. स्लाइडवर धरलेली बुरशी पुसताना त्याच्या लक्षात आलं होतं, की आईची फिल्म चौकटीत पालथी बसली आहे. म्हणजे डावं ते उजवं दिसत होतं. आई गेली त्याच आठवड्यात त्याने तो रोल धुतला होता आणि स्वतःच्या हातांनी कापून बसवला होता. मामी लग्न होऊन नंतर आली, तिने आईला पाहिलेलंच नाही. बाबा हयात होते तोवर स्लाइड लागल्या की घराबाहेर पडायचे. मग मामाला इतकी वर्षं कसं कळलं नाही?

"ती लागली की मी भिंतीकडे बघायचोच नाही गं," तो म्हणाला. "तुझ्याकडे बघायचो."

सदतीस वर्षं. जगाच्या चुका काढणाऱ्या या माणसाने माझी आईच उलटी लावली होती. मला त्याचा भयंकर राग आला. पण हातात फडकं घेऊन तो बोलणी खायच्या तयारीने उभा होता. हवी तर तशीच राहू दे, म्हणाला. मी म्हटलं, सरळ कर.

त्याने चौकट उघडून फिल्म फिरवली आणि भिंतीवर एक बाई आली. भांग दुसऱ्याच बाजूला, हसणंही वेगळंच, पेन उजव्या हातात. माझ्यासारखं तिच्यात काही म्हणजे काही नव्हतं. मला रडू आलं. माझी होती तीही गेली, असं वाटलं.

आतून मामीने जेवायला हाक मारली. मामाने हळूच विचारलं, बंद करू का.

"तू जा, जेवून घे," मी म्हटलं. "मी बसते जरा हिच्याजवळ."