गणपतीच्या मागून

जोहे गावातल्या मूर्तींच्या कारखान्यात तो कारागीर गणपतींचे डोळे रंगवायचा. मूर्ती ठरवायला कुणीही गेलं की नाव विचारायच्या आधी म्हणायचा, "तुमच्या गावात बघण्यासारखं काय हाय?" त्याची बायको लगेच वहीत लिहून घ्यायची. सीझन संपला की वहीतलं एक गाव निवडून ती दोघं छोट्या लेकीला घेऊन निघायची. "गणपती पुढं जातात, आम्ही मागून," तो हसायचा.

एका वर्षी ते रोह्याला आमच्याकडे आले. आल्या आल्या लेकीने विचारलं, "आपला बाप्पा कुठं बसला होता?" मखर तर आम्ही कधीच काढलं होतं. मी रिकामा कोपरा दाखवला. तिघांनी त्या कोपऱ्यालाच हात जोडले.

पुढे ते जोहे सोडून गेले. मी मात्र विसर्जनानंतरही मखर बरेच दिवस ठेवतो.