काकांची भिंत

पनवेल तालुक्यात समुद्राच्या तळाशी सर्वांत अधिक काळ राहिलेला आणि समुद्र सर्वांत कमी पाहिलेला माणूस रोडपालीच्या आमच्या इमारतीत, तळमजल्यावर राहतो. ही गोष्ट मी घरी आलेल्या पाहुण्याला पाण्याचा पेला हाती देतानाच सांगून टाकते. कोणी मंत्र्याचा शेजार मिरवते, कोणी गायकाचा. मी पाणबुड्याची शेजारीण आहे. काका मूळचे उरणच्या कोळीवाड्यातले. न्हावा शेव्याच्या धक्क्यांवर त्यांनी उणीपुरी तीस वर्षे पाण्याखाली काढली: जहाजांच्या पोटाला चिकटलेले शिंपले खरवडणे, पंख्यात गुंतलेले दोर कापणे, धक्क्याच्या भिंतीला पडलेल्या भेगा शोधणे. यातले काहीही त्यांनी डोळ्यांनी केले नाही. आमच्या खाडीचे पाणी गाळाचे, चुलीवर विसरलेल्या चहासारखे. त्यात पुरुषभर खाली गेले की स्वतःचा हातही दिसत नाही. "उघड्या डोल्यांना काळोख घाबरवतो, बाय," काका मला म्हणाले होते, "म्हून खाली जेलो का मी डोले मिटतो. मंग हात बगतात."

हे हात पाण्याबाहेरही बघत असत. बाजारात पापलेट घेताना काका डोळे मिटून कल्ल्यात एक बोट घालत आणि मासा कधी जाळ्यात आला ते सांगत. कोळीण त्यांना पाहताच टोपलीवर पदर ओढून घेई. इमारतीतला प्रत्येक गळका नळ त्यांनी न पाहताच दुरुस्त केला. आणि भारनियमनाच्या दिवसांत, जेव्हा संध्याकाळी वीज गेली की आम्ही सारे भिंती चाचपडत उभे राहायचो, तेव्हा काका जिन्यावरून असे चढत येत, जणू आता कुठे त्यांचा दिवस उजाडला आहे. अशाच एका अंधारात माझे मंगळसूत्र तुटले आणि काळे मणी स्वयंपाकघरभर पसरले. "हलू नको बाय, जागची हलू नको," असे म्हणत ते गुडघ्यांवर बसले. फरशीवरून त्यांचे तळवे फिरत असल्याचा आवाज मी ऐकत होते. गवतावर पाऊस पडावा तसा तो मऊ आवाज. वीज आली तेव्हा त्यांच्या ओंजळीत सगळे मणी होते, शिवाय गेल्या वर्षी हरवलेली माझी नाकातली चमकीही होती.

त्यांची दुसरी सवय दोरीची. पाणबुड्याच्या कमरेला दोरी असते आणि तिचे टोक वर कोणाच्या तरी हाती असते. दोन झटके म्हणजे 'ठीक आहे, आणखी दोरी सोडा'. चार झटके म्हणजे 'वर ओढा'. ही भाषा काकांनी घरी आणली आणि काकींच्या पदराला लावली. लग्नसमारंभात भाषणे लांबली की काकींच्या पदराला चार झटके बसत आणि त्या लगबगीने उठून म्हणत, "चला, गॅस चालू र्‍हायलाय वाटतं." माझ्या काव्यवाचनाला दोघे एकदा आले होते. माझी नजर सबंध वेळ त्या पदरावर होती. दोनच झटके बसले. त्याहून मोठी दाद मला कधी मिळालेली नाही.

काकींचे मात्र एक दुःख होते. लग्न झाल्यापासून रोज संध्याकाळी काका कामावरून आले की त्या विचारत, "आज काय दिसला?" आणि काका बुटातला गाळ झाडत सांगत, "काय नाय." तीस वर्षे हाच प्रश्न, हेच उत्तर. "दर्याच्या पोटान जाऊन येतो हा मानूस," काकी मला म्हणायच्या, "आनि मना सांगाया याक गोष्ट नाय त्याच्याकडं. दुसरा कोन आसता तर खोटी तरी सांगितली आसती." काका खोटे बोलत नसत. पण तो प्रश्न त्यांना बोचत असे, हे मला कळत होते. उत्तर देताना ते कधी काकींकडे पाहत नसत.

ते निवृत्त झाले त्या हिवाळ्यात आमच्या कॉलनीची सहल अंदमानला गेली. तिथल्या एका बेटाजवळ प्रवाळाची भिंत आहे; पाठीवर हवेचे नळकांडे बांधून पर्यटकांना तिच्यापाशी उतरवतात. काका पहिल्याच सकाळी तिथे हजर. पण रक्तदाब चढलेला निघाला आणि त्यांना परत पाठवले गेले. दुसऱ्या दिवशीही तेच. "धडधड होतंय गो," ते काकींना म्हणाले, "परीक्षेला बसल्यावानी." आता एकच सकाळ उरली होती. त्या सकाळी काकांनी चहा घेतला नाही आणि पट्टा दंडावर फुगत असताना ते डोळे मिटून बसले. आकडा योग्य आला.

शिकवणारा तरुण बंगळूरचा होता. श्वास कसा घ्यावा हे त्याने काकांना हिंदीत समजावले आणि काकांनी ते हात जोडून ऐकले. "अंकल, पहली बार?" त्याने विचारले. "दिखने का पहली बार," काका म्हणाले. मग त्यांनी कमर चाचपली. "रस्सी किधर है?" दोरी नसते, असे उत्तर आले. काकींचा चेहरा उतरला. "मंग वर कोन धरनार?" तरुणाने स्वतःचा हात पुढे केला. "और अंकल, दीवार को छूना नहीं. वो जिंदा है."

मी नावेच्या कडेला धरून, डोळ्यांना काच लावून, चेहरा पाण्यात बुडवला. काकींना मी खुणावले, पण त्या हलल्या नाहीत. "पयला त्यांना बगू दे."

खाली पाणी नव्हतेच, नुसता निळा प्रकाश होता. त्यात ती भिंत उभी: जांभळी, हळदी, गुलबक्षी. तिच्या कडेवरून पिवळ्या माशांचा एक थवा वळला आणि एकाएकी रुपेरी झाला. आणि तिच्यासमोर आमचे काका, शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखे दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून, निश्चल. मला त्या शिस्तीचा अभिमान वाटला. पण तेवढ्यात तरुण त्यांच्या तोंडाजवळ गेला आणि त्याने त्यांच्या काचेवर बोटाने टकटक केली. एकदा, मग पुन्हा. काकांनी सवयीने डोळे मिटून घेतले होते. हातांना बंदी, डोळ्यांना कुलूप. तीस वर्षांनी लाभलेल्या त्या भिंतीसमोर त्यांना फक्त स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

दुसऱ्या टकटकीनंतर डोळे उघडले असावेत; त्यांचे हात पाठीमागून सुटले. हळूच दोन्ही बाजूंना तरंगत राहिले. मग ते खूप वेळ हलले नाहीत.

वर आल्यावर तरुणाने हवेचा काटा दोनदा पाहिला. इतकी थोडी हवा कोणी वापरत नाही, तो म्हणाला. मी त्याला तीस वर्षांची हकिकत सांगितली, थोडी मोठ्यानेच, शेजारच्या नावेलाही ऐकू जावी इतकी. काका ओलेतेच बसून होते. काकींनी विचारले, "काय दिसला?" काकांनी काकींचा पदर धरला आणि दोन झटके दिले.

बोलणे सुरू झाले ते पनवेलला परतल्यावर. दुसऱ्या संध्याकाळी प्रश्न आला आणि काका म्हणाले, "भिंत हाय गो, पन कोनी बांदलेली नाय." त्या दिवशी एवढेच. पुढच्या संध्याकाळी त्या पिवळ्या थव्याचे वळण. मग एका खेकड्याची मिजास. रोज एकच वस्तू, जपून. पाण्याखालची ती पाऊण तासाची कमाई आता कित्येक वर्षे पुरते आहे. मी शब्दांवर जगणारी बाई, पण संध्याकाळी भाजी आणायला निघाले की त्यांच्या उघड्या दारापाशी माझी पावले आपोआप मंद होतात.

परवाही झाली. काका सांगत होते, एका लहान माशाबद्दल, जो त्यांच्या काचेत स्वतःलाच पाहून भांडायला आला. हा मासा मी गेल्या वर्षी ऐकला होता. त्याआधीही एकदा. मी आत पाहिले. काकींनाही तो आठवत असणार. काका बोलता बोलता थबकले, कपाळाला आठी पडली, जणू काळ्या पाण्यात काही चाचपत होते.

काकींनी त्यांच्या सदऱ्याची बाही धरली आणि दोन झटके दिले.