गोळीचं पुढे काय होतं

माझी आत्या औषधांवर संशोधन करायची, आणि हे कळलं की समोरचा माणूस लगेच आपली कंबर दाखवायला लागायचा. जिन्यात, बँकेच्या रांगेत, कुणाच्या वाढदिवसाला, कुठेही. "तुम्ही औषधांतल्या ना? मग माझ्या या दुखण्यावर एखादी चांगली गोळी सांगा." आत्या शांतपणे म्हणायची, "मी गोळी सांगत नाही. गिळलेल्या गोळीचं पुढे काय होतं, तेवढंच मी बघते." लोकांना वाटायचं, बाई शिष्ट आहे. मला विचाराल तर थोडी होतीच. पण बोलत होती ते खरं होतं.

गोळी पोटात गेली की आपण पाण्याचा पेला खाली ठेवतो आणि विसरतो. आत्याचं काम तिथून सुरू व्हायचं. तिच्या मते यकृत हा एक संशयी गृहस्थ आहे. बाहेरून आलेल्या प्रत्येक वस्तूला तो आगंतुक समजतो, तिचे तुकडे करतो आणि मागच्या दाराने घालवून देतो. कुणाचं यकृत हे झपाट्याने करतं, कुणाचं रेंगाळत. झपाट्याने केलं तर औषध लागू पडायच्या आत गायब. रेंगाळलं तर साठत साठत त्याचंच विष होतं. गोळी एकच, पण एकाला पुरत नाही आणि दुसऱ्याला झेपत नाही. असं का, हे शोधण्यात तिची उमेदीची सगळी वर्षं गेली. शोधायचं कशात, तर लोकांच्या रक्तात आणि लघवीत.

आजोबा, म्हणजे तिचे वडील, यावर भलतेच खूश असायचे. ते छापखान्यातून निवृत्त झाले होते, आणि आमच्याच घरी, तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत खुर्ची टाकून दिवसभर बसायचे. कुणी आलं की सांगायचे, "माझी मुलगी एवढी शिकली आणि आता लोकांच्या बाटल्या गोळा करते." अभिमान आणि चेष्टा एकाच वाक्यात बसवायची त्यांना हातोटी होती. आत्याही कमी नव्हती. "बाबा, तुमची बाटली आणली तर यंत्र बंद पडेल," असं ती म्हणायची.

कारण आजोबा सिगारेट ओढायचे. एक विझायच्या आत दुसरी. छातीत दम भरलेला, त्यावर डॉक्टरांनी श्वास मोकळा करणारी एक गोळी दिलेली, आणि गोळी घेतली की त्यावर सिगारेट. आत्या म्हणायची, सोडा. आजोबा म्हणायचे, तू आधी तुझं बघ. दोघांच्याही नाकावर माशी बसायची नाही. इतकी वर्षं एका घरात राहून दोघांपैकी एकानेही दुसऱ्याला "तुझं बरोबर आहे" असं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

गंमत म्हणजे आत्याचं मोठं काम त्याच गोळीवर झालं. आपणहून तयार होणाऱ्या लोकांना बोलवायचं, गोळी द्यायची, ठरावीक वेळाने रक्त घ्यायचं, असा तो प्रयोग होता. त्यातल्या काही जणांच्या रक्तातून औषध बघता बघता नाहीसं व्हायचं. तिचे वरिष्ठ, मोठे सर, म्हणाले, "ही माणसं गोळी गालात धरून नंतर थुंकतायत. यांचे आकडे काढून टाका." आत्याच्या अंगाचा तिळपापड झाला. पुढच्या खेपेला तिने प्रत्येकाला गोळी गिळल्यावर तोंड उघडायला लावलं, जीभ वर करायला लावली. तरी तेच. मग एक दिवस ती काहीतरी टाकायला मागच्या दाराने बाहेर गेली, तर ही सगळी मंडळी भिंतीला टेकून उभी. प्रत्येकाच्या हातात सिगारेट. आत्या म्हणायची, तो वास नाकात गेला आणि मला आमची गॅलरी आठवली. तिने ओढणारे आणि न ओढणारे वेगळे केले, आणि घोडं कुठे पेंड खात होतं ते स्पष्ट दिसलं. धूर त्या संशयी गृहस्थाला हाकत होता. ओढणाऱ्याचं यकृत धावत होतं, त्यामुळे त्याला ही गोळी जास्त लागत होती. जगात इतरांनाही हेच आढळत होतं, पण आत्याला त्याचं काही नव्हतं. तिने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढे मेडिकलच्या मुलांच्या प्रत्येक तुकडीला ती बजावायची, "औषध देण्याआधी विचारा, ओढता का? आणि प्रयोग करताना बाकी सगळं तेच ठेवा, एकच गोष्ट बदला. नाहीतर तुम्ही आंधळे."

मग मला मुलगी झाली आणि तिला घेऊन मी काही दिवस माहेरी राहायला आले. आजोबांनी हात पुढे केले. मुलगी त्यांच्या शर्टाजवळ गेली, नाक आक्रसलं आणि एवढ्याशा तोंडाने जी शिंकायला लागली ती थांबेचना. आजोबांनी तिला परत माझ्याकडे दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सिगारेट सोडली. कमी वगैरे नाही, एकदम. खाईन तर तुपाशी नाही तर उपाशी, असाच त्यांचा स्वभाव. आत्या तर हवेत होती. तिने त्यांना नवे शर्ट आणले, गॅलरी स्वतः धुतली, शेजारपाजाऱ्यांना सांगितलं. पहिले काही दिवस आजोबा पणतीला मांडीवरून खाली ठेवायला तयार नसत.

आठवडा झाला आणि बिनसलं. आजोबांना झोप लागेना. अन्न बघूनच मळमळायचं. छाती धडधडायची, आणि हात असे थरथरायचे की चहा कपातून बशीत यायचा. आम्ही सगळे म्हणालो, इतक्या वर्षांचं व्यसन आहे, त्रास व्हायचाच. डॉक्टर फोनवर तेच म्हणाले. सगळ्यांत ठामपणे आत्या म्हणाली, "शरीर जुनी सवय मागतंय. थोडी कळ काढा, ओसरेल." आजोबांनी कळ काढली. पण मुलगी रडायला लागली की ते हात मागे घ्यायचे. "नको. पडेल माझ्या हातून," म्हणायचे. ते ऐकून मला फार वाईट वाटायचं. जिच्यासाठी सोडली तिलाच त्यांना घेता येत नव्हतं.

एका रविवारी सकाळी ते गॅलरीत बसलेले दिसले, मांडीवर नवं कोरं पाकीट. खालच्या दुकानातून स्वतः जाऊन आणलं होतं. मी आत्याला हाक मारली. ती दुसऱ्या दिवशीच्या व्याख्यानाची तयारी करत होती. विषय कुठला असेल? तोच. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

"बाबा, ठेवा ते," ती दारातूनच म्हणाली. "इतके दिवस काढलेत, आता..."

"तू तुझं शास्त्र जरा बाजूला ठेव आणि माझं ऐक," आजोबा म्हणाले. "मी साधा माणूस. गोळी तीच आहे. जेवण तेच, खुर्ची तीच. बदलली ती एकच गोष्ट. मी ओढत होतो तेव्हा हात थरथरत नव्हता. सोडली आणि हे सुरू झालं. आता तू सांग."

आत्या दारातून पुढे आली. मग खाली वाकली आणि तिने त्यांची नाडी धरली.

"सकाळची गोळी घेतलीत?"

"घेतली की. नेहमीचीच, पूर्ण."

आत्या गॅलरीच्या फरशीवरच बसली. इतकी वर्षं ती मुलांना जे शिकवत होती ते तिच्या पायाशी, नव्हे, तिच्या बापाच्या रक्तात होतं. धूर थांबला होता. यकृत पूर्वीसारखं धावत नव्हतं. आणि गोळी मात्र अजून धूर ओढणाऱ्या माणसाच्या मापाची चालू होती. रोज थोडी थोडी साठत होती. परका माणूस असता तर तिने पहिल्याच दिवशी विचारलं असतं. घरच्या माणसाला तिने फक्त शाबासकी दिली होती. व्यसन सुटल्याचा त्रास समजून आम्ही जे बघत होतो, ती खरं तर औषध चढल्याची लक्षणं होती.

हे सगळं तिने त्यांना सांगितलं, काही न लपवता. आजोबा डोळे बारीक करून ऐकत होते.

"म्हणजे आता मी ही ओढायला लागलो," त्यांनी पाकीट उचललं, "तर मला बरं वाटेल?"

मी मनात म्हटलं, आत्या, नाही म्हण. थाप मार. एवढ्या एका थापेने म्हाताऱ्याची सिगारेट कायमची सुटेल. आत्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"हो," ती म्हणाली. "काही दिवसांत यकृत पुन्हा धावायला लागेल आणि हात थांबेल. तुमचं बरोबर आहे, बाबा. माझं चुकलं."

आजोबांनी पाकीट पुन्हा मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "परत म्हण."

"तुमचं बरोबर आहे."

"हं." त्यांनी मान डोलावली. आठवडाभरात पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. "आणि न ओढता काही उपाय?"

"गोळी कमी करायची. एवढंच. सिगारेट सोडलीत त्याच दिवशी करायला हवी होती."

"मग आधी सांगायचं ना," आजोबा म्हणाले आणि पाकीट तिच्या हातात दिलं. "मला काय, सिगारेट ओढायची हौस होती? मला तुला चूक ठरवायचं होतं."

आत्या हसली, आणि हसता हसता रडली. तसंच उठून तिने टॅक्सी बोलावली. दवाखान्यात आजोबांचं रक्त घ्यायला ती स्वतः बसली. आयुष्यभर अनोळखी लोकांच्या शिरा बिनचूक शोधणारी ही बाई, पण त्या दिवशी तिला बापाची शीर सापडेना. शेवटी तिने सुई नर्सच्या हातात दिली. औषध भलतंच चढलेलं निघालं. डॉक्टरांनी गोळी थांबवली, त्यांना दोन दिवस तिथेच ठेवलं, मग अर्धी सुरू केली. सोमवारचं व्याख्यान आत्याने दिलं, आणि मुलांना हीच गोष्ट सांगितली. चूक कुणाची, तेही सांगितलं. आजोबांना हे कळलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मी बरोबर होतो, ते फळ्यावर लिहिलंस का?"

घरी आल्यावर तिसऱ्या की चौथ्या दिवशी ते हात धुऊन माझ्यासमोर येऊन बसले. मी मुलगी त्यांच्या मांडीवर दिली. आत्या धावत आली, त्यांच्या शेजारी बसली आणि तिने आपले दोन्ही हात त्यांच्या हातांखाली धरले, पडली तर असावेत म्हणून. मुलगी झोपेत सुस्कारली. आजोबांचा हात स्थिर होता. आत्या मात्र हात काढायला तयार नव्हती.

"काढ गं," आजोबा हळूच म्हणाले. "धरलंय मी तिला."

आत्याने हात काढले.