घुम्याने लावलेल्या जोड्या

माणसं त्याला घुम्या म्हणत. तोंडावर नाही, पण पाठीमागे म्हणतानाही फारसा कुणी आवाज उतरवत नसे. त्याला ते माहीत होतं आणि त्याचं त्याला काही वाटत नव्हतं.

कौलांच्या कारखान्यात भट्टी राखायचं काम त्याच्याकडे होतं. कच्ची कौलं आत रचून झाली की भट्टीचं दार विटांनी बंद करतात आणि मध्ये एक वीट सैल ठेवतात. ती ओढली की आतला जाळ दिसतो. घुम्या ती वीट ओढायचा, एक डोळा मिटायचा आणि बघत राहायचा. आधी काळपट तांबडा, मग डाळिंबाच्या दाण्यासारखा, मग नारिंगी, आणि अगदी शेवटी वाळल्या गवतासारखा पिवळा. पिवळा दिसला की लाकूड थांबवायचं. त्याच्या आधी थांबवलं तर कौल कच्चं राहतं, नंतर थांबवलं तर वाकतं. या मधल्या फटीत घुम्याचं सगळं आयुष्य सुखाने बसलं होतं.

"जाळाला सकाळी भेटल्यावर 'काय म्हणताय?' असं विचारावं लागत नाही ना," त्याची बायको म्हणायची. ती त्याच कारखान्यात पक्की कौलं पेंढ्यात बांधायला बसे. "लग्न ठरलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, मुलगा कमी बोलतो. मला वाटलं, कमी म्हणजे थोडं तरी बोलत असेल."

बायका हसायच्या. तीही हसायची. नवरा वाईट नव्हता. रात्री ती दमून आली की न सांगता पाणी तापवून ठेवायचा. फक्त का दमलीस, हे विचारायचा नाही. दमलेली दिसते आहे, म्हणजे दमली आहे. विचारायचं काय त्यात?

एके वर्षी भट्टीच्या मागच्या कोपऱ्यातली कौलं सारखी कच्ची निघू लागली. कुणी म्हणालं माती खराब, कुणी म्हणालं लाकूड ओलं. घुम्या काहीच म्हणाला नाही. तो कित्येक भट्ट्या नुसता बघत राहिला, कोळशाने भिंतीवर रेघा मारत राहिला, आणि एक दिवस त्याने रचणाऱ्यांना खुणेने सांगितलं, इथे हातभर जागा सोडा. जाळाला मागे जायला वाट मिळाली. कोपरा पिकला. त्याला एवढा आनंद झाला की घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "झालं." बायकोला काय झालं ते दुसऱ्यांकडून कळलं.

मालकांनाही कळलं. जुन्या मुकादमाचे गुडघे गेले होते, तो घरी बसला. मालकांनी घुम्याला वर बोलावलं.

"उद्यापासून मुकादम तू."

घुम्या म्हणाला, "मला भट्टीच बरी आहे."

"अरे, लोक वर चढायला तडफडतात, आणि तू खाली राहायला हट्ट करतोस?"

"मला माणसं कळत नाहीत, मालक."

"आग कळते ना? मग माणसं काय तिच्यापेक्षा गरम असतात?" मालक स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन हसले. भट्टी दुसऱ्याला दिली गेली. दुसऱ्या दिवशी घुम्या अंगणात उभा राहिला तेव्हा आपले हात कुठे ठेवायचे हे त्याला समजत नव्हतं.

भट्टीसारखंच करायचं, असं त्याने ठरवलं. आधी बघायचं. नीट, पुष्कळ बघायचं. मग हात घालायचा.

त्याने बघायला घेतली ती फळी. साच्यातून निघालेलं कौल लोण्यासारखं मऊ असतं. अशी ओली कौलं लांब फळीवर मांडतात आणि दोन बायका ती फळी दोन टोकांना धरून वाळवणाच्या छपराकडे नेतात. वाट लांबची. मध्ये दगडी उंबरा, मग भट्टीच्या तोंडाजवळचं वळण. एक पुढे, एक मागे. दोघींचं पाऊल जुळलं नाही तर कौल सरकतं, आणि सरकलेलं कौल परत मातीत जातं.

जोड्या वर्षानुवर्षांच्या होत्या. त्यांत एक जोडी दोन जावांची. थोरली बुटकी, धाकटी चांगली उंच. "आमच्यासारख्या न भांडणाऱ्या जावा दुसऱ्या दाखवा," धाकटी म्हणायची, आणि थोरली मागून म्हणायची, "भांडेन गं, हात मोकळे होऊ देत." दोघींचे नवरे गेलेले. एकच घर, एकच चूल.

थोरलीचे डोळे जात चालले होते. आधी कडा पुसल्या गेल्या, मग मधलं उरलेलंही धुक्यात गेलं. उजेड आणि सावली एवढं तिला कळायचं. हे धाकटीला माहीत होतं, मग शेजारच्या जोडीला कळलं, मग हळूहळू सगळ्या छपराला. कुणी बोललं नाही. कारण कारखान्याची रीत अशी होती, की ज्याला दिसत नाही त्याने घरी जायचं. कामावर कुणाला इजा झाली तर त्याला बसून करायचं काम मिळे, पेंढा विंचरायचं किंवा कौलं पुसायचं. पण आपलं आपण आंधळं होणं ही इजा धरत नसत.

म्हणून धाकटी पुढे चालायची आणि सतत बडबडायची. उगाचच्या गप्पांत "हा आला मेला उंबरा" आणि "वळताना माझी पाठ दुखते हो" अशी वाक्यं मिसळलेली असायची. पण खरी भाषा फळीची होती. धाकटीने पाऊल उचललं की फळीतून ते थोरलीच्या मनगटात पोचायचं. थोरली डोळ्यांनी चालतच नव्हती.

घुम्या छपराच्या खांबाला टेकून हे बघत होता. त्याला दिसलं ते असं: उंच बाई पुढे, बुटकी मागे, फळी तिरकी होते, कौलं मागच्या बाजूला, म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडे, दबतात. इतर जोड्यांतही तेच. उंचीला उंची मिळवली तर फळी सरळ राहील. त्याने मनात सगळ्या बायका उंचीने लावून पाहिल्या, चाल पाहून थोडी अदलाबदल केली. हिशेब सुंदर बसला. तो त्या रात्री पोटभर जेवला.

चार माणसांसमोर उभं राहून बोलायचं त्याच्या जिवावर यायचं. त्याने बायकोलाच सांगितलं, "उद्या त्यांना सांग, कुणी कुणाबरोबर जायचं."

बायकोने ऐकलं आणि भांडं घासायचं थांबवलं. "सगळ्यांचं करा. त्या दोघी जावांना राहू द्या."

"का?"

"मी म्हणते म्हणून."

"हे कारण नाही."

नवऱ्याच्या पोटात गोष्ट राहते, हे तिला माहीत होतं. पण कुणी सरळ प्रश्न विचारला की ती गोष्ट तशीच्या तशी पोटातून बाहेर येते, हेही तिला माहीत होतं. खोटं बोलायला जी एक चलाखी लागते ती त्याच्यात नव्हतीच. तिने भांडं पुन्हा घासायला घेतलं.

सकाळी दोघी जावा त्याच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. धाकटीने थोरलीचं कोपर धरलं होतं, मायेने धरावं तसं.

"मुकादम भाऊ, आम्हाला एकत्रच राहू द्या."

"का?"

"सवय आहे."

"सवय बदलते. आठवडाभरात नवी लागेल."

"आम्ही कधी कौल पाडलं का?"

"नाही," घुम्या म्हणाला. त्यानेही ते टिपलं होतं. "पण तुमची कौलं डावीकडे दबतात."

"दबू देत की थोडी," थोरली हसून म्हणाली. ती त्याच्या आवाजाकडे बघत होती, आणि आवाज तोंडातूनच येत असल्याने तिची नजर अगदी नीट त्याच्यावर होती. "म्हातारीचंही सगळं डावीकडेच दबलंय."

घुम्याला हसू आलं नाही. तो वाट बघत होता. कारण सांगितलं असतं तर त्याने ऐकलं असतं. तो आडमुठा नव्हता. त्या दोघीही वाट बघत होत्या, की कारण न सांगताच हा ऐकेल. मग धाकटीने जावेचं कोपर सोडलं आणि ती नव्या जोडीदारणीकडे गेली.

थोरलीच्या पुढे आली ती एक बुटकी, चपळ बाई. मनाने चांगली. "उंबरा आला, काकू." "वळतेय हं, काकू." ती प्रामाणिकपणे सांगत राही. पण तिचं पाऊल तुटक होतं, फळीतून काही धड पोचत नसे. थोरली दात आवळून चालायची, घरी गेल्यावर मनगटं चोळत बसायची. तरी दिवस निघत होते. कौलं कमी मोडू लागली होती. मालकांनी घुम्याच्या पाठीवर थाप मारली.

मग एका सकाळी भट्टी उघडली. दाराच्या विटा काढून बाजूला टाकलेल्या, अजून धगीच्या. वळणावर विटांची हातगाडी उभी होती, भट्टी उघडली की नेहमी उभी असते तिथेच. चपळ बाईने गाडीला वळसा घातला. "गाडी—" एवढं तिने म्हणेपर्यंत थोरलीचा गुडघा लोखंडावर आदळला होता. फळी गेली. थोरली गरम विटांवर कुशीवर पडली.

धाकटी आपली फळी टाकून धावत आली. घुम्याही आला. थोरली ओरडत नव्हती. ती एका हाताने जमीन चाचपत होती. फळी तिच्या हातापासून वीतभरावर पडली होती, आणि हात तिच्या पलीकडे, अलीकडे, पुन्हा पलीकडे फिरत होता.

"मोडली का गं कौलं?" थोरलीने विचारलं. "किती मोडली?"

घुम्या त्या हाताकडे बघत राहिला. सगळं एकदम जागच्या जागी बसलं: बडबड, कोपर, कधी न पडलेलं कौल. भट्टीच्या कोपऱ्याचं कोडं सुटलं तेव्हा त्याला कसा आनंद झाला होता. आत्ता त्याने वाकून फळी तिच्या हाताखाली सरकवली.

खुब्याचं हाड मोडलं होतं, तळहात भाजला होता. तिला दवाखान्यात नेलं आणि मालकांनी घुम्याला वर बोलावलं. जिन्याच्या पायथ्याशी धाकटी उभी होती. तिच्या हाताला अजून ओली माती होती.

"भाऊ, फळी निसटली म्हणा. खोटं नाही ते. निसटलीच ना?"

"निसटली."

"मग तेवढंच म्हणा. तिला पुसायचं काम मिळेल, बसून करेल. हातांना दिसतं तिच्या. पुढे काही बोलू नका." ती क्षणभर थांबली. "तुम्हाला न बोलणं काय अवघड आहे?"

तो वर गेला.

"कसं झालं?" मालकांनी विचारलं.

"फळी निसटली."

"कशाने?"

"हातगाडीला अडखळली."

"वाटेत गाडी कुणी ठेवली? त्याला आजच्या आज काढतो."

गाडीवाला दोन पोरांचा बाप, त्याची काही चूक नव्हती. गाडी तिच्या जागीच होती. "गाडी तिच्या जागेवर होती," तो म्हणाला.

"मग तिला दिसली कशी नाही?"

आयुष्यभर जे शब्द त्याला सुचायचे नाहीत ते आता एकामागून एक आले, नीट, क्रमाने. थोरलीला दिसत नाही. धाकटी तिला फळीवरून चालवत होती. ती जोडी मी मोडली. मी उंची पाहिली, पाऊल पाहिलं, डोळे मात्र पाहिले नाहीत. चूक माझी आहे, मालक, मला काढा.

मालकांनी त्यातलं आपल्याला हवं ते ऐकलं. "म्हणजे आंधळी होती आणि लपवलं. मग ही कामावरची इजा कशी?" मग ते पुढे वाकले. "आणखी आहेत का असे कुणी?"

"माहीत नाही," घुम्या म्हणाला. इथे त्याने थांबायचं होतं. पण 'माहीत नाही' हे त्याला अपुरं वाटलं, आणि अपुरं उत्तर त्याने कधी दिलंच नव्हतं. "पण असणार. इतकी वर्षं धूळ आणि धग. एकीचेच डोळे गेले असं होणार नाही."

पुढच्या आठवड्यात डोळ्यांचा डॉक्टर कारखान्यात आला. थोरली तर गेलीच. तिच्यामागे माती तुडवणारा एक म्हातारा गेला, साच्यावरची एक बाई गेली. गाडीवाला राहिला. घुम्याने पुन्हा वर जाऊन भट्टी मागितली. मालक म्हणाले, "वेडा आहेस का? मोड किती कमी झालीय बघ. जोड्या तू छानच लावल्यास."

घरी तो बायकोसमोर बसला. "तुला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत होतं."

"मला का नाही सांगितलंस?"

तिच्या आवाजात राग नव्हता. "सांगून काय झालं असतं, ते बघितलंत ना आता."

तो धाकटीच्या घरी गेला. तिने दार उघडलं, पण दारातून बाजूला झाली नाही. आतून थोरलीने विचारलं, "कोण आहे गं?" धाकटी म्हणाली, "कुणी नाही." दार लागलं, जोरात नाही, वारा लागू नये म्हणून लावतात तसं.

दुसऱ्या सकाळी घुम्या छपरात सगळ्या बायकांसमोर उभा राहिला. बायकोकडून निरोप पाठवला नाही.

"जोड्या तुमच्या तुम्ही लावा," तो म्हणाला. "ज्यांना ज्यांच्याबरोबर जायचं त्यांनी जा. कौल मोडलं तर मोडू दे. मी का म्हणून विचारणार नाही, आणि मला कुणी काही सांगूही नका."

कुणी हललं नाही. एकमेकींकडे बघितलंसुद्धा नाही. कुणाची नजर कुणाकडे वळते हेही त्याला दिसलं असतं. मग धाकटी पुढे झाली, वाकली, आणि तिने फळीचं टोक उचललं. दुसरं टोक तिच्याएवढ्याच उंच बाईने धरलं. मागोमाग बाकीच्यांनी आपापल्या फळ्या उचलल्या. उंचीला उंची, चालीला चाल, त्याने लावून दिल्या होत्या तशाच. फळ्या सरळ होत्या. वाटेवरून त्या एकामागून एक गेल्या, आणि कुणी कुणाशी एक शब्द बोलत नव्हतं.