शेळीचं नाव घेतलं, माझं नाही

चहाचा कप हातात आला की मावशी आधी डोळे मिटायची. ओठ हलायचे, चहावर साय धरायची, आणि समोरच्या माणसाला आपला कप तोंडाला लावावा की थांबावं, तेच कळायचं नाही. कोणी काही अडचण सांगितली की म्हणायची, "त्याले मालूम हाय वं." माझं शुद्धलेखन कच्चं आणि अक्षर वेडंवाकडं आहे, त्याची माफी असावी. चौथीनंतर हातात पेन्सिल आलीच नाही, सुताच्या कांड्या आल्या. पण तुमच्याही शेजारी असं कोणी राहिलं असेल, तर तुम्ही समजून घ्याल.

नागपुरात आमचा विणकरांचा मोहल्ला. आमच्या आणि मावशीच्या खोलीमधली भिंत छपरापर्यंत गेलेली नव्हती, वर हातभर मोकळं होतं. मावशी ख्रिस्ती. मिशनच्या दवाखान्यात, बाळंतिणींच्या वॉर्डात आया होती. नवरा लवकर गेलेला, एक मुलगा. दिवेलागणीला ती मोठ्यानं प्रार्थना करायची आणि मोहल्ल्यातल्या माणसांची नावं घेऊन एकेकासाठी मागायची. भिंतीच्या अलीकडे मी ह्यांच्या मागासाठी चरख्यावर सुताच्या कांड्या भरत असायचे. तिचा आवाज आला की माझा चरखा थांबायचा.

एकदा भागाबाईच्या शेळीसाठी मागणं झालं. ही भागाबाई नळावर रोज भांडणारी. "बापा, भागाबाईची शेळी चारा खाऊन नाही राहिली. तिच्यावर हात ठेव." शेळी उठली. मला हसू आलं आणि आत जळजळही झाली. शेळीचं नाव घेतलं, माझं नाही.

कारण मला ठाऊक होतं. लग्न होऊन आले त्या वर्षी तिनं विचारलं होतं, "गिरजा, तुह्यासाठी काय मागू?" मी पदर चावत म्हटलं होतं, "काही नाही." पुढे माझी दोन बाळं पोटातच गेली. तेव्हाही तिनं विचारलं, आणि तोंडातून "काही नाही"च निघालं.

मग मावशीचा मुलगा मुदतीच्या तापानं गेला. मला वाटलं, आता तीही माझ्यासारखी मुकी होईल. पण त्या संध्याकाळीही दिवा लागला आणि आवाज आला, रडून चिरकलेला.

"बापा, आज मी तुह्यावर रागावून हावो. काहून नेलं माह्या लेकराले? सांगत नसशीन तं नको सांगू. पण मी बोलणं सोडत नाही."

मग नाक ओढून एकेक नाव. भागाबाई. तिची सून. सायकल दुकानाचा म्हातारा.

मी चरख्याचा दांडा धरून बसले. माझी दोन गेली, तर ज्याच्यावर रागवावं असंही मला कोणी नव्हतं. तिला होतं. बायकांना लुगड्याचा, दागिन्याचा हेवा वाटतो. मला तिच्या भांडणाचा वाटला.

तिसऱ्यांदा दिवस गेले. सातवा लागला तशी भीतीनं जेवण जाईना. नळावर मावशीनं माझी घागर उचलून दिली. मी कशीबशी म्हणाले, "मावशी, शेळीसाठी मागता तुम्ही."

"तिच्या मालकिणीनं सांगतलं वं."

"न सांगता नाही घेत नाव?"

"विचारल्याबिगर कोणाच्या घरात घुसते का माणूस? तुहा चरखा थांबते ना, तवा मी बी थांबतो घडीभर. वाटते, आज बोलशीन."

"त्याले मालूम हाय म्हणता ना?"

"त्याले मालूम हाय. मले कुठं मालूम हाय?"

मी घागर घेऊन पळाले. दिवेलागणीला चरखा थांबवला. पलीकडेही शांत झालं. ह्यांचा मागही नेमका तेव्हाच थांबला, त्यामुळे लाज जास्तच. भिंतीकडे तोंड करून म्हटलं, "मावशी, माझं बाळ."

एवढंच.

"बापा, शेजारची गिरजा. तिचं लेकरू."

नाव तर आईबापांनीही घेतलं होतं. पण इतक्या हक्कानं कोणी कोणापाशी घेतलं नव्हतं. मला रडू आलं. हेवा मात्र गेला नाही, उलट वाढला. देवाशी ओळख तिची होती, माझी नव्हती.

मुलगी झाली, जगली. मावशीच्याच वॉर्डात, आधी मावशीच्याच हातात आली. रांगायला लागली तशी तिच्याकडेच पळायची. दुधाची वाटी समोर ठेवली की डोळे मिटायची. सासूबाई हसायच्या. मी हसत नसे. पोटात मी वाढवली आणि सवय उचलली ती तिची!

मावशी गेली त्याला बरीच वर्षं झाली. तिच्या खोलीत आलेल्या नव्या भाडेकरूंनी भिंत छपरापर्यंत चढवून घेतली.

मुलगी आता माहेरपणाला येते. मी चहा देते. ती कप धरून डोळे मिटते, ओठ हलतात, चहावर साय धरते. मावशी मोठ्यानं मागायची, ही मनातल्या मनात मागते. त्यात माझं नाव आहे का, ते काही केल्या ऐकू येत नाही. विचारावं म्हणून मी पुढे सरकते, तोवर ती डोळे उघडते.

"काय झालं वं आई?"

"काही नाही," मी म्हणते.